ताज्या घटनेवरचे मत : मराठी स्फुटलेखनाची प्रस्तावना

आठवड्यात घडलेल्या एखाद्या गोष्टीवर एका माणसाने, स्वतःच्या किंवा घेतलेल्या नावाने, पान-दीड पानात मांडलेले मत म्हणजे स्फुट. विषय मोर्च्याचा असेल, नव्या कायद्याचा असेल, काल लागलेल्या सिनेमाचा किंवा रद्द झालेल्या नाटकाच्या प्रयोगाचाही असेल. अग्रलेखामागे वर्तमानपत्राचे धोरण उभे असते आणि परीक्षणाला कलाकृती सोडून फार लांब जाता येत नाही. स्फुटलेखकावर असे बंधन नसते. तो मंत्र्याच्या भाषणावरून निघून नाटकगृहात पोचतो, आणि तिथून परत रस्त्यावर येतो. मराठी नियतकालिकांत हा प्रकार कधी पत्र म्हणून आला, कधी ‘प्रासंगिक’ म्हणून, कधी ठरलेल्या वारी ठरलेल्या जागी येणारे सदर म्हणून. नाव बदलले तरी त्यातली दोन अंगे कायम राहिली: निमित्त ताजे आणि मत एकट्याचे.

या लेखनाकडे अभ्यासकांचे लक्ष उशिरा गेले. प्रबंध, कादंबरी, कविता यांना वाङ्मयेतिहासात स्वतंत्र प्रकरणे मिळाली. स्फुटाला मात्र लेखकाच्या इतर ग्रंथांच्या यादीनंतरची एखादी ओळ मिळाली. महाराष्ट्रातल्या सामाजिक आणि राजकीय वादांची पहिली ठिणगी अनेकदा याच लेखनातून पडली आहे, त्यामुळे ही उपेक्षा अन्यायाची आहे.

मुंबईत भाऊ महाजन यांनी १८४१ मध्ये ‘प्रभाकर’ साप्ताहिक सुरू केले. १८४८च्या मार्चपासून त्यात ‘लोकहितवादी’ या सहीने पत्रे येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरि देशमुख तेव्हा पंचवीस वर्षांचे होते आणि सरकारी नोकरीत होते. दोनेक वर्षांत १०८ पत्रे छापून झाली आणि पुढे ती ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली गेली. बालविवाह, विधवांचे हाल, पाठांतरालाच विद्या समजण्याची खोड, पेशवाईअखेरचा अंदाधुंद कारभार, देशी कापडाची निकड असे विषय त्यांत एकामागून एक येतात. त्यात कुठलीही मांडणी ठरवून केलेली नाही. या आठवड्यात जे खटकले ते या आठवड्यात लिहिले, इतकाच क्रम. भाषा बोलण्यातली, वाक्ये आखूड, आणि स्वतःच्याच जातीला सुनावताना लेखणी कुठेही मऊ पडत नाही. पंचवीस-तीस वर्षांनी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त लोकहितवादींवर कडाडून हल्ला चढवला. नियतकालिकातल्या पत्रांचा समाचार घ्यायला पिढीनंतरच्या निबंधकाराला लेखणी उचलावी लागली, यावरूनच ती पत्रे किती खोल लागली होती ते कळते.

एका बातमीतून केवढे लेखन उभे राहू शकते, याचा सगळ्यात मोठा दाखला बुलढाण्याचा आहे. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर नवजात मूल मारल्याचा खटला चालला आणि १८८१ मध्ये तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती शिक्षा कमी झाली. या खटल्याच्या निमित्ताने ‘पुणेवैभव’ पत्रात बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेतले गेले. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध लिहिला आणि १८८२ मध्ये तो पुण्यात छापला गेला. खटला स्त्रीवर चालला होता. ताराबाईंनी आरोपीच्या जागी पुरुषाला उभे केले. पुनर्विवाहाची बंदी कोणी घातली, विधवेला फशी कोण पाडतो आणि बोभाटा झाल्यावर अंग काढून कोण घेतो, असे प्रश्न त्या एकेक करून विचारतात. त्या तेवढ्यावर थांबत नाहीत. तेव्हा घरोघर वाचल्या जाणाऱ्या कादंबऱ्या आणि रंगभूमीवर गाजणारी नाटके यांत बायका कशा रंगवल्या आहेत, हेही त्या तपासतात आणि त्या रंगवण्यामागची पुरुषी सोय उघडी करतात. न्यायालयातला निकाल, वर्तमानपत्री शेरेबाजी आणि लोकप्रिय करमणूक ही तिन्ही एकाच समजुतीची तीन तोंडे आहेत, हे १८८२ साली इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणी दाखवल्याचे आढळत नाही.

या निबंधावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर मात्र हे पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा कुठे नव्या वाचकाला त्याची ओळख झाली. ताराबाईंनी दुसरे पुस्तक लिहिल्याची नोंद नाही. एका बातमीने लिहायला लावले तेवढेच त्यांचे लेखन आज हाती आहे.

अठराशे ऐंशीच्या दशकात पुणे हे या लेखनाचे मुख्य ठाणे झाले. ‘केसरी’ १८८१ मध्ये निघाला आणि गोपाळ गणेश आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. मतभेदानंतर त्यांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. पेहरावापासून देवधर्मापर्यंत कुठलाही विषय त्यांनी अस्पर्श्य मानला नाही. पुण्यातल्या सनातन्यांनी ते हयात असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. मत मांडणाऱ्याला काय सोसावे लागते, याची ती पहिली ठळक घटना.

पुढच्या काळात सोसण्याचे स्वरूप बदलले. राजद्रोहाच्या कलमामुळे सरळ बोलणे तुरुंगात नेऊ लागले आणि मराठी स्फुटाने आडवळण शोधले. शिवराम महादेव परांजपे यांच्या ‘काळ’ साप्ताहिकात (१८९८पासून) वक्रोक्ती हे शस्त्रच झाले. पुराणातली गोष्ट, इतिहासातला प्रसंग, पशुपक्ष्यांचे वर्णन असे काहीही सांगता सांगता वाचकाला नेमके सरकार दिसत असे. तरीही १९०८ मध्ये परांजपे यांना शिक्षा झाली, ‘काळ’ पुढे बंद पडला आणि त्यांच्या निवडक निबंधांची पुस्तकेही सरकारने जप्त केली. आज तो मजकूर वाचताना अनेक टोमणे समजत नाहीत. ज्या अधिकाऱ्याला किंवा हुकमाला ते उद्देशून होते, तो संदर्भ पुस्तकात सोबत आलेला नसतो.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या लेखणीत पत्रकार आणि नाटककार वेगळे काढणे कठीण. ‘केसरी’त अग्रलेख लिहिणाऱ्या या माणसाचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. द्रौपदीवर हात टाकणारा कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, गांगरलेला विराट म्हणजे ब्रिटिश राज्यकर्ते, नेमस्त धर्म आणि संतापलेला भीम, अशी जुळणी प्रेक्षक मनातल्या मनात करत. ‘महाराष्ट्र नाटक मंडळी’ गावोगाव प्रयोग करत होती. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. हाताशी १८७६चा नाट्यप्रयोगांचा कायदा होताच. तेच खाडिलकर दुसऱ्याच वर्षी ‘मानापमान’ देतात, आणि बालगंधर्वांच्या गाण्यासाठी गर्दी लोटते. करमणूक आणि राजकारण यांची वर्तमानपत्रात पाने वेगळी असली, तरी लिहिणाऱ्याच्या आणि पाहणाऱ्याच्या मनात ती वेगळी नव्हती.

अच्युत बळवंत कोल्हटकरांच्या ‘संदेश’ने १९१५पासून या लेखनाला चटकदार केले. ठळक मथळे, बाजारातली भाषा आणि ‘वत्सलावहिनींची पत्रे’. घरातली बाई जगाच्या घडामोडींवर बोलते आहे, अशी या पत्रांची कल्पना. लिहिणारा पुरुषच होता, ही त्यातली उणीव लक्षात ठेवली तरी राजकारणावरचे बोलणे माजघरापर्यंत नेण्याचे काम या सदराने केले, हे मान्य करावे लागते.

ज्यांना कुठल्याच पत्रात जागा नव्हती, त्यांना पत्र काढण्यापासून सुरुवात करावी लागली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला आणि ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक आला. त्यात ‘आजकालचे प्रश्न’ आणि ‘प्रासंगिक विचार’ ही सदरे होती. महाडच्या सत्याग्रहावर कोणत्या पत्राने काय लिहिले, त्यातला कोणता मुद्दा खरा आणि कोणता साळसूद, याची झाडाझडती या सदरांत होत असे. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने संपादकाला एकट्याने लिहून काढावे लागत. पैसा नव्हता आणि लिहिणारे हातही नव्हते. या रकान्यांची शैली वकिलाच्या उलटतपासणीची आहे: आधी विरोधकाचे म्हणणे पुरते मांडायचे, मगच त्याला हात घालायचा. प्रतिपक्षाशी इतक्या प्रामाणिकपणे वागणारे स्फुट मराठीत थोडे आहे, आणि या लेखनाची उंची मोजायची झाली तर मापदंड म्हणून हेच रकाने घ्यावे लागतील.

आचार्य अत्रे यांच्याकडे येताना चित्र पालटते. शिक्षक, विडंबनकार, नाटककार, चित्रपटनिर्माता, आमदार आणि संपादक हे सगळे एकाच माणसात होते. त्यांच्या ‘श्यामची आई’ला १९५४ मध्ये पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. दोन वर्षांनी, १५ नोव्हेंबर १९५६ रोजी, संयुक्त महाराष्ट्राचा लढा ऐन भरात असताना त्यांनी ‘मराठा’ दैनिक काढले. मथळ्यांत शिव्या होत्या, गाऱ्हाणी होती, विनोद होता आणि गिरणगावातल्या कामगाराला रात्री मोठ्याने वाचून दाखवता येईल असा ताल होता. मुंबईसह महाराष्ट्राच्या मागणीत या दैनिकाचा वाटा किती, हे वेगळे सांगायची गरज नाही. अत्रे व्यक्तिगत निंदेवर उतरत, आणि मुद्दा बाजूला राहून माणूसच ठेचला जाई, हेही तितकेच खरे आहे. मात्र आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. लढ्याच्या काळात ज्या नेहरूंवर त्यांनी आग ओकली, त्यांच्या निधनानंतर १९६४ मध्ये ‘मराठा’त त्यांनी जी लेखमाला लिहिली, ती पुढे ‘सूर्यास्त’ या नावाने पुस्तकरूपात आली. तिच्यातले दुःख अस्सल आहे. दोन्ही वेळचे अत्रे खरे होते आणि तारखा पुसल्या तर दोन्ही लेखन अनाकलनीय होईल.

‘मार्मिक’ हे व्यंगचित्रसाप्ताहिक १३ ऑगस्ट १९६० रोजी सुरू झाले. बाळ ठाकरे यांच्या रेषेने ते गाजले. त्याच अंकांत त्यांचे बंधू श्रीकांत ठाकरे ‘शुद्धनिषाद’ या नावाने चित्रपटांवर लिहीत. राजकीय टोला आणि सिनेमाचे परीक्षण वाचक एकाच बैठकीत वाचत होता. याच साप्ताहिकात कचेऱ्यांतल्या अमराठी, विशेषतः दाक्षिणात्य, अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली येऊ लागल्या. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. एका सदरातून संघटना उभी राहण्याचे इतके सरळ उदाहरण दुर्मीळ आहे. नोकऱ्यांची तक्रार खरी होती. पण नावांच्या यादीने धोरण ठरवणाऱ्याऐवजी टेबलामागे बसलेल्या माणसाकडे बोट दाखवले, आणि त्याची किंमत शहरातल्या साध्या माणसांनी मोजली. मताच्या ताकदीचा अभ्यास करताना हे उदाहरण टाळता येत नाही.

गोव्यात याच दशकात मराठी स्फुटाची आगळी कसोटी लागली. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की वेगळा ठेवावा, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. ‘गोमन्तक’ दैनिक विलीनीकरणाच्या बाजूने होते. विरोधातला आवाज ‘राष्ट्रमत’चा होता आणि तेही मराठी दैनिक. त्यातले उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लोक वाट पाहून वाचत. महाराष्ट्रात सामील होऊ नका, हे गोव्यातल्या मराठी वाचकाला मराठीतूनच पटवले जात होते. जोडीला सभांतली कोंकणी गाणी होती, जत्रेसारखी गर्दी होती. वेगळेपणाच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. मराठी लेखन म्हणजे महाराष्ट्राची बाजू, असे गृहीत धरणाऱ्याने हे सदर अवश्य अभ्यासावे.

१९७२ हे वर्ष दोन कारणांनी थांबून पाहण्यासारखे आहे. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ‘साधना’ने १५ ऑगस्टचा विशेषांक काढला. यदुनाथ थत्ते संपादक होते आणि या अंकाची जबाबदारी अनिल अवचट यांच्याकडे होती. त्यात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना झाली होती. ढाले यांनी दोन दंडांचे आकडे शेजारी ठेवले: दलित स्त्रीच्या अब्रूवर हात टाकणाऱ्याला ५० रुपये आणि राष्ट्रीय प्रतीकाचा अपमान करणाऱ्याला ३०० रुपये. मग ध्वजाबद्दल जे शब्द वापरले, त्यांनी पुण्या-मुंबईत वादळ उठले. ‘साधना’वर मोर्चा आला, निषेधाची पत्रे आली, दुर्गा भागवतांसारख्या लेखिकेनेही नाराजी व्यक्त केली. ढाले ज्या दलित पँथर संघटनेत होते, तिचे नाव तोवर मुंबईतल्या वस्त्यांपुरते होते, ते महिन्याभरात राज्यभर झाले.

ढाले हे लघुअनियतकालिकांच्या चळवळीतून आलेले. ‘येरू’, ‘आत्ता’, ‘तापसी’ असे छोटे, पदरमोड करून काढलेले अंक हीच त्यांची शाळा होती. त्यामुळे शब्द मवाळ करून घ्यायची सवय त्यांना लागलीच नव्हती. लेखातल्या शब्दांवर जितकी चर्चा झाली, तितकी त्या दोन आकड्यांवर झाली नाही, आणि हा त्या काळच्या वाचकवर्गाचा दोष आहे.

त्याच वर्षी १६ डिसेंबरला पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. विजय तेंडुलकरांनी नाना फडणविसांना ज्या प्रकारे दाखवले, त्यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरून गेले. एकोणीस प्रयोगांनंतर प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने नाटक थांबवले. वेगळे झालेल्या कलावंतांनी थिएटर अकॅडमीतर्फे १९७४ मध्ये ते पुन्हा उभे केले. ब्राह्मणांची बदनामी, इतिहासाचे विकृतीकरण, कलावंताचे स्वातंत्र्य, सत्ता आपली पिलावळ कशी वाढवते, असे चार वेगवेगळे वाद एकाच नाटकावरून झाले. नाटक समजून घ्यायला संहिता पुरते. तो काळ समजून घ्यायला मात्र ते रकाने वाचावे लागतात.

करमणुकीवर लिहिणाऱ्यांची स्वतंत्र परंपराही मोठी आहे. इसाक मुजावर यांनी ‘रसरंग’सारख्या साप्ताहिकातून सिनेमावरचे लेखन गावोगावच्या न्हावीदुकानांपर्यंत पोचवले. शिरीष कणेकर यांनी हिंदी चित्रपटसंगीत आणि क्रिकेट यांवर उघड पक्षपाताने लिहिले: दिलीपकुमार आणि लता हे त्यांचे दैवत, आणि ते लपवायचा प्रयत्न नाही. ‘ललित’ मासिकात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ बनून साहित्यिकांच्या खोड्या काढत, तर वसंत सरवटे त्यांना चित्र देत. तेंडुलकरांची ‘कोवळी उन्हे’ आणि ‘रामप्रहर’ ही सदरे नाटककाराची नजर रोजच्या घडामोडींवर फिरवून दाखवतात.

सदर लिहिणाऱ्यांच्या बरोबरीने पत्र लिहिणाऱ्यांना जागा दिली पाहिजे. ‘लोकसत्ता’चे ‘लोकमानस’, ‘महाराष्ट्र टाइम्स’चे ‘बहुतांची अंतरे’ ही पत्रांची सदरे अनेक घरांत अग्रलेखाच्या आधी वाचली गेली. निवृत्त शिक्षक, बँकेतला कारकून, तालुक्याचा वकील, गृहिणी असे लोक पोस्टकार्डावर बारीक अक्षरांत मत लिहीत आणि खाली नाव-गाव देत. नाव-गाव दिल्यामुळे उत्तर देणाऱ्यालाही तोंड मिळे. आठवड्याने दुसऱ्या गावाहून खंडन येई, आणि पंधरवड्याने मूळ लेखकाचा खुलासा. संपादकाची कात्री मधे होती, आणि ती नेहमी निःपक्ष होती असे नाही. कोणती पत्रे आली नाहीत आणि कोणती छापली गेली नाहीत, यांत जातीचा, शहराचा, शिक्षणाचा वाटा असे. ‘बहिष्कृत भारत’ किंवा लघुअनियतकालिके का निघाली, याचे उत्तर बऱ्याच अंशी तिथेच आहे.

या लेखनाचे दोष त्याच्या घाईतून येतात. ऐकीव माहिती तपासली जात नाही, एका माणसाचा दोष साऱ्या समाजाच्या माथी मारला जातो, टाळी मिळालेले वाक्य पुन्हापुन्हा वापरले जाते. गुणही त्याच घाईत आहेत. घटना घडताना माणसांना काय वाटत होते, ते नंतर लिहिलेल्या आत्मचरित्रात सापडत नाही. तिथे सगळेच शहाणे झालेले असतात. म्हणून स्फुट वाचताना चार गोष्टी हाताशी हव्यात: तारीख, निमित्त, कोणत्या पत्रात आले ते, आणि त्याला आलेले उत्तर. संग्रह काढताना प्रकाशक बहुतेक वेळा यांतल्या तीन गाळतात आणि चौथी, म्हणजे तारीख, अनुक्रमणिकेत दडवतात. ही पद्धत बदलायला हवी. पुढच्या प्रत्येक संग्रहात लेखाशेजारी त्याचे निमित्त आणि त्यावरचे निदान एक उत्तर छापले जावे.

ते शक्य व्हायचे तर मूळ अंक टिकले पाहिजेत. वृत्तपत्री कागद हलक्या प्रतीचा असतो. तो पिवळा पडतो, घडीवर तुटतो आणि पन्नास वर्षांत हाताळण्याजोगा राहत नाही. लघुअनियतकालिके तर मोजक्या प्रतींत निघाली आणि ग्रंथालयांनी ती क्वचितच जमा केली. ज्यांच्या घरी माळ्यावर, जुन्या पेटीत किंवा वडिलांच्या कपाटात साप्ताहिकांच्या बांधीव फाइली, सुटे अंक किंवा कापून चिकटवलेली कात्रणे असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. जवळच्या ग्रंथालयात किंवा विद्यापीठाच्या मराठी विभागात द्यावीत, आणि कात्रणावर तारीख नसेल तर आठवते तेवढी पेन्सिलीने लिहून द्यावी.